ओल्या बोटाची मोजणी

मोजणीचे नियम म्हातारीने घातले होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, कारण म्हातारीला लिहिता येत नव्हतं आणि लिहिलेल्यावर तिचा विश्वासही नव्हता.

एका तुकड्यात पाच थांबे. थांब्याला वीस झाडं, ओळीने, मधलं एकही न गाळता. कुठे थांबायचं ते म्हातारी ठरवणार.

मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याची कोवळी पानं गुंडाळून जिथे नळी झालेली असते तिथे, बोट घालायचं. अळीने पाडलेला भुसा ओला लागला तर अळी आत आहे, ते झाड धरायचं. कोरडा लागला तर अळी गेली, ते झाड सोडायचं.

बोट म्हातारीचं.

ज्याच्या तुकड्यात धरलेली झाडं कमी, पुढच्या हंगामात त्याची पद्धत अख्ख्या शेताला. दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

आणि शेवटचा नियम: मध्येच मोजणी मोडील तो हरला. कारण विचारलं जाणार नाही.

हा शेवटचा नियम म्हातारीच्या सुनेने, अळीबाईने, मागून घेतला होता. दिराला ती पुरती ओळखून होती. हरायला लागला की डाव उधळायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड. तिने नियम मागितला, म्हातारीने दिला. आपण स्वतःच्या हाताने स्वतःसाठी खड्डा खणतोय, हे तेव्हा तिला कोण सांगणार?


खालचा तुकडा. पहिला थांबा: तीन

अळीबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण पाच आठवडे रोज सकाळी एक बाई मक्याच्या ओळींतून पानं उलटीपालटी करत फिरते, आणि पानांवरची अंडी चिरडायची सोडून डब्यात गोळा करते म्हटल्यावर लोक तिला दुसरं काय म्हणणार? नवरा ट्रकवर असायचा. पंधरा दिवसांनी तो घरी आला तेव्हा त्याला नाक्यावरच कळलं की आपण अळीबाईचे यजमान झालो आहोत. तो हसला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

शेत म्हातारीच्या नावावर. मधोमध बांध. बांधाच्या वरचा तुकडा दीर बघायचा, खालचा ही.

म्हातारी ओळीत शिरली. माणूस आहे की खांब, एवढंच तिला आता दिसायचं. पण बोटाला डोळे होते. बोट जिभेला लावायचं, पोंग्यात घालायचं, फिरवायचं, काढायचं. कोरडं बोट पानांवरून घसरतं, ओल्या बोटाने पानं अलगद सुटी होतात. जिभेला, पोंग्यात. जिभेला, पोंग्यात. पन्नास वर्षं ती हेच करत आली होती.

"धर," ती म्हणाली.

"धरलं," मागून शेजारचा शिंपी म्हणाला आणि कानावरचा खडू काढून त्याने पाटीवर रेघ मारली. साक्षीदार म्हणून तो दुकान बंद ठेवून आला होता. त्याच्या मागे दीर. अंग धुऊन, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळी आळी त्याला पंप्या म्हणायची, कारण हंगाम लागला की फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर माकडिणीच्या पिल्लासारखा चिकटलेला असायचा.

"पंप्या, आज पाठ मोकळी कशी रे?" शिंप्याने विचारलं. "तोल जाईल तुझा."

"रेघा मार गुमान," दीर म्हणाला.


दुसरा थांबा: चार

मागच्या वर्षी पंप दोन्ही तुकड्यांवर फिरला होता. दर आठव्या दिवशी, ऐन दुपारी, कारण दिराची झोप तेव्हा पुरी व्हायची. ऐन दुपारी अळी पोंग्याच्या तळाशी भुशाचं बूच मारून गाढ झोपलेली असते. औषध पानांवर पडायचं, पानांवरून मातीत पडायचं, आणि अळी संध्याकाळी उठून जेवायला बसायची.

पाणी आणायचं, औषध कालवायचं, काठीने ढवळायचं हे काम हिचं. एका दुपारी ढवळता ढवळता तिच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. थांबेना. मग डोळ्यांपुढे सगळं सुईच्या भोकातून बघितल्यासारखं दिसायला लागलं. दोन दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "बाटली आणलीत का? कुठलं औषध ते कळल्याशिवाय मी काय करू?" बाटली कोणी आणली नव्हती. दीर सायकलवर परत गेला आणि दीड तासाने बाटली घेऊन आला, वाटेत चहा पिऊन.

चहा पिऊन. हे तिला नंतर चहावाल्याकडूनच कळलं.

बरी होऊन घरी आली तेव्हा तिने सासूला सांगितलं, "आई, खालच्या तुकड्यात पंप येणार नाही." विचारलं नाही, सांगितलं. म्हातारी बराच वेळ तपकिरीच्या डबीवर बोट वाजवत बसली आणि मग म्हणाली, "बरं. मोजू."


तिसरा थांबा: दोन

या थांब्यापासून पिंप दिसत होतं. बांधावर आडवं पडलेलं.

गुडघ्याएवढं निळं पिंप. शेतीशाळेत आलेल्या बाईंनी ते करायला शिकवलं होतं. शाळा भरली तेव्हा पुरुष पहिल्या रांगेत बसले होते, आणि औषध फुकट मिळणार नाही हे कळल्यावर एकेक जण विडी ओढायला म्हणून उठला. शेवटी उरल्या बाई आणि ही.

"अंडी चिरडू नका," बाई म्हणाल्या होत्या. "पानावर कापसाच्या बोंडुकल्यासारखा पुंजका दिसतो ना? त्यातली कितीतरी अंडी आधीच दुसऱ्या कुणीतरी बळकावलेली असतात. काळी पडलेली बघा. त्यांतून अळी निघत नाही, चिलट निघतं. मोहरीच्या दाण्याच्या पाव भागाएवढं. ते चिलट जाऊन आणखी अंडी बळकावतं."

म्हणून पिंप. गोळा केलेली अंडी त्यात टाकायची. आतून काठाला ग्रीसचं बोटभर कडं, वर जाळी. अळीला चालत यावं लागतं, ती ग्रीसला अडकते. चिलट उडून जातं. अळीचं पाखरू झालंच कुठे, तर ते जाळीला थटतं. एवढीच करामत. शिवाय सकाळी हाताने अळ्या वेचायच्या, साखरेचं पाणी शिंपडून पोंग्यात मुंग्या बोलवायच्या. पाठ मोडायची. पण चौथ्या आठवड्यात वेचायला अंडी कमी मिळायला लागली, आणि जी मिळत होती त्यांतली अर्ध्याहून जास्त काळी होती. ती काळी अंडी तळहातावर घेऊन बघत बसायची. तिच्या आयुष्यात इतकं काळं आणि इतकं सुंदर दुसरं काही नव्हतं.

तीन दिवसांपूर्वी दिराने पंपातलं उरलंसुरलं त्या पिंपात ओतलं.

चोरून नाही. भर उन्हात, आळीतल्या चौघांना बरोबर घेऊन. "वहिनी घरच्या शेतात अळ्या पाळते," तो त्यांना सांगत होता, "आणि माझ्या तुकड्यात सोडते." ती धावत पोचली तेव्हा जाळीवर चिलटं चिकटली होती. कुणीतरी मिरपूड सांडावी तशी.

मोजणी तीन दिवसांवर होती. तोंड उघडलं तर भांडण, भांडण झालं तर मोजणी मोडणार, मोडली तर कोणी मोडली? तिने राग गिळला. तीन दिवस तिला पिठात, पाण्यात, उशीत औषधाचा वास येत होता.


चौथा: पाच. पाचवा: तीन

"सतरा," शिंपी म्हणाला. "शंभरात सतरा. माझ्याकडे तीसच्या वर असतील, मी तर मोजायलाच घाबरतो."

"तू काय करतोस रे अळीला?" म्हातारीने विचारलं.

"पोंग्यात मूठ मूठ माती टाकतो आणि शिव्या देतो. मातीने थोड्या मरतात, आजी. शिव्यांचं अजून कळलेलं नाही."

म्हातारी हसली नाही. सुनेच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "सतरा वाईट नाही, सूनबाई." गेल्या वर्षी याच तुकड्यात, पंप फिरवून, एकतीस होते. ते कोणी बोललं नाही. पण अळीबाईला आठवत होतं, दिरालाही आठवत होतं.

मंडळी बांध ओलांडून वर गेली.


वरचा तुकडा. पहिला थांबा: एक

विसात एक.

शिंप्याने भुवया वर केल्या. दिराने शर्टाची कॉलर नीट केली.

"दव बरंच पडलंय की इथे," म्हातारी म्हणाली आणि ओलं बोट लुगड्याला पुसून पुन्हा जिभेला लावलं.

अळीबाई सगळ्यांच्या मागे होती. तिला वास आला. तिने स्वतःलाच दटावलं. तीन दिवस येतोच आहे, पिठातसुद्धा येतोय, त्यात नवल काय? हरायला लागलीस म्हणून तुला वास यायला लागला. तू पण त्याच्याच जातीची, डाव उधळणारी.

म्हातारीला वासाचं विचारण्यात अर्थ नव्हता. तपकिरीने तिचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं.


दुसरा थांबा: शून्य

"एकसुद्धा नाही?" शिंपी म्हणाला. "पंप्या, मंत्र मारलास की काय?"

"वेळेवर फवारलं की असंच होतं. पोरखेळ करून शेती होत नाही." हे शेवटचं वाक्य शिंप्याला नव्हतं.

वीसच्या वीस झाडं. प्रत्येक झाडाला बोट जिभेवर एकदा. पहिल्या थांब्याची वीस धरली तर चाळीस वेळा. अळीबाई नकळत मोजत होती.

म्हातारीने मध्येच ओठ पुसले. "आज तोंडाला फार पाणी सुटतंय," ती म्हणाली. "सकाळी पोटात काही नव्हतं, म्हणून असेल."


तिसरा थांबा: सात झाडं

तोंडाला पाणी.

आणि दव. दोन तास झाले होते ऊन पडून. खालच्या तुकड्यात दवाचा थेंब नव्हता. बांधाच्या वर काय वेगळा सूर्य उगवतो?

आणि केस. सणासुदीलाही दहाच्या आत अंघोळ न करणारा माणूस आज उजाडताना अंग धुऊन बसला होता.

तिने जवळच्या झाडाच्या पोंग्यात बघितलं. तळाशी पाणी साचलेलं. पाणी नव्हे. दुधाळ. भुसा त्यात विरघळून गेलेला. त्याला मोजणी जिंकायची होती म्हणून त्याने पहाटे उठून पोंगे भरले होते, चुळकाभर चुळकाभर, एकेक झाड. आईचे डोळे दुबळे हे त्याने हिशेबात धरलं होतं. आईचं बोट धरलं नव्हतं. जन्मभर त्या बोटाला जिभेवरून पोंग्यात जाताना बघितलं होतं, आणि त्याला ते आठवलं नव्हतं.

सातवं झाड. बोट बाहेर आलं. जिभेकडे निघालं.

अळीबाईने म्हातारीचं मनगट धरलं.

लग्न होऊन आल्यापासून तिने सासूच्या पायांखेरीज कशाला हात लावला नव्हता. म्हातारी इतकी दचकली की काठी पडली.

"आई, थांबा. बोट तोंडात घालू नका."

"सोड," म्हातारी म्हणाली.

"ह्याने आज पहाटे फवारलंय. पोंगे भरलेत औषधाने."

"बघा," दीर शिंप्याला म्हणाला, "आलं बाहेर. सतरा आणि एक. पोटात दुखायला लागलं. वहिनी, मोजणी मोडलीत तुम्ही. नियम तुमचाच होता."

"मोडली," ती म्हणाली.

"ऐकलंस आई? स्वतः कबूल करतेय."

"मोडली म्हटलं ना! बाटली कुठंय?"

"कसली बाटली?"

"अरे मेल्या, बाटली कुठंय!"

तिने दिराला कधी 'भावजी, तुम्ही' सोडून हाक मारली नव्हती. शिंप्याच्या हातातला खडू मोडला. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटत होता, फाटका, पण त्यातून आता सगळंच बाहेर पडत होतं. "तुझी आई आहे ती! सत्तेचाळीस वेळा जिभेला लावलंय तिने! डॉक्टर विचारेल कुठलं औषध. मागच्या वेळी तू दीड तास लावलास. चहा प्यायलास. मी तिथे खाटेवर तोंडातून लाळ गाळत होते आणि तू चहा प्यायलास! आज पिऊ देणार नाही. बाटली कुठंय?"

दिराने कुंपणाकडे हात केला.

शिंपी धावला.


पाटाजवळ

तिने म्हातारीला पाटाच्या काठावर बसवलं, चुळा भरायला लावल्या, हात साबणाने तीनदा धुतले. साबण शेताच्या झोपडीत होता, दिराचाच, अजून ओला. बोटांच्या चिरांमधून, नखांच्या कडांतून तो पांढरट मळ निघाला. म्हातारी मुकाट हात देऊन बसली होती. खालचा ओठ बधिर झालाय म्हणाली. बाकी काही नाही म्हणाली. मग तिने मान खाली घातली, आणि अळीबाईला वाटलं, भोवळ आली.

"दवाखान्यात चला, आई. शिंप्याच्या स्कूटरवर."

"जाते," म्हातारी म्हणाली. "आधी मोजणी."

"मोजणी मोडली ना मी."

"तू मोडलीस. बरोबर." म्हातारीने धुतलेला हात उचलला आणि दीर उभा होता त्या अंदाजाने बोट रोखलं. खांब दिसतो तेवढं तिला दिसत होतंच. "पण तुझा तुकडा पुरा मोजायचा राहिला, पोरा. तेरा झाडं या थांब्याची. मग चाळीस. तू मोज."

"मी? मला काय कळतंय त्यातलं…"

"लहानपणी शिकवलंय तुला. बोट जिभेला लावायचं, पोंग्यात घालायचं. आठवं झाड. चल."

दीर हलला नाही.

"पाणीच आहे ना ते? दवच आहे ना? तुझी वहिनी खोटं बोलते ना?" म्हातारीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, बधिर ओठामुळे शब्द जड पडत होते. "मी सत्तेचाळीस वेळा घातलं. तू एकदा घाल."

शिंपी बाटली घेऊन परत आला होता. कडेला उभा राहून तो दोघांकडे बघत होता. पाटी त्याने काखेत मारली होती. रेघांचं आता कोणाला काय पडलं होतं.

दिराने हात पुढे केला. आठव्या झाडाच्या पानापर्यंत नेला. बोट ओठांपाशीसुद्धा नेलं. पोंग्यातलं पाणी त्याला दिसत होतं, कारण ते त्यानेच ओतलं होतं.

हात खाली आला.

"घरी जा," म्हातारी म्हणाली. "पंप माझ्या खाटेखाली ठेव. मी सांगेपर्यंत तिथून हलवायचा नाही. आणि हा तुकडा महिनाभर कोणी चाखायचा नाही, गुरंसुद्धा इथली पानं खाणार नाहीत. पुढचं पुढे बघू."

म्हातारी शिंप्याच्या खांद्याला धरून स्कूटरवर बसली. बाटली पदरात गुंडाळून घट्ट धरली होती. जाता जाता तिने सुनेकडे वळून काहीतरी म्हटलं, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, आणि अळीबाईनेही परत विचारलं नाही.


चौथा थांबा:

पाचवा थांबा:


बांधावर

ती पिंपाकडे गेली. दीर अजून शेतातच होता. तिच्या पाठोपाठ आला, थोडं अंतर ठेवून, मार खाल्लेल्या कुत्र्यासारखा, आणि त्याचं हे असं येणंही तिला सहन होईना.

"वहिनी, मला खरंच लक्षात नव्हतं," तो म्हणाला. "बोटाचं."

तिने पिंप उभं केलं. तळाशी काळपट चिखल झाला होता. अंडी, अळ्या, चिलटं, पाच आठवडे, सगळं एकजीव. आईसाठी त्याचे डोळे ओले झाले होते. या चिखलासाठी होणार नव्हते. त्याचे नाहीत, कोणाचेच नाहीत. घरी गेल्यावर सगळे बोलतील ते म्हातारीच्या ओठांबद्दल, आणि बरोबरच आहे. पिंपाचं कोण बोलणार?

"मी धुऊन देतो," दीर म्हणाला. "घासून देतो, वहिनी, राखेने."

"वास जाईल?"

औषधाचे डबे धुऊन कशाला वापरू नये, हे त्याला दुकानदाराने पंपाबरोबर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"नाही जात," तो शेवटी म्हणाला.

"मग माहीत होतं तुला."

तिने पिंप लाथेने वरच्या तुकड्यात ढकललं. ते दोन ओळी लोळत गेलं आणि मक्याला अडून थांबलं. मग तिने कमरेला खोचलेला डबा काढला आणि खालच्या तुकड्याच्या पहिल्या ओळीत उतरली. आजची पानं बघायची राहिली होती. ऊन चढत होतं, उशीर झाला होता, आणि तिसऱ्या झाडावर सापडलेला अंड्यांचा पुंजका पानासकट खुडायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

तिने तो उजेडात धरला. पांढरा. अजून तरी पांढरा.